सोनवणे सरांचे दोन देश

मंचरच्या स्टँडवर घोडेगावला जाणारी एस. टी. उभी. आत पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर माणसांतून वाट काढत तिकिटं फाडतोय. एवढ्यात तिसऱ्या बाकावरचे एक बुटके, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ त्याला अडवतात.

"कंडक्टरसाहेब, ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

"सिडनी," कंडक्टर पंच वाजवत म्हणतो.

"उतरा खाली."

"आँ?"

"गाडीतनं उतरा म्हनतो. ज्याला राजधानीचा पत्ता न्हाय तो मान्सं कुठं पोचवनार?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला. हसले नाहीत ते फक्त प्रश्न विचारणारे. "कॅनबेरा," ते गंभीरपणे म्हणाले, "आता मारा डबल बेल."

हे आमचे सोनवणे सर. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावच्या हायस्कुलात मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो होतो आणि मला लागून जेमतेम आठवडा झाला होता. मी जुन्नरचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हे कळल्यापासून सरांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी कायमचा "पेंटर" झालो.

सर भूगोल शिकवायचे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचा, त्यामुळे त्यांच्या छातीवर डाव्या बाजूला कायम पांढरा डाग. वर्गात शिरले की हजेरीच्या आधी फळ्यावर खडू टेकवायचे आणि तो न उचलता, एका दमात, ऑस्ट्रेलियाचा सगळा किनारा काढून पुन्हा सुरुवातीच्या ठिपक्यावर आणून मिळवायचे. मग खाली टचकन एक टिंब. "टास्मानिया. ह्याला विसरला तर त्याला वाईट वाटतं." मी चित्रकलेचा डिप्लोमा केलेला माणूस, पण तशी रेघ मला आजतागायत जमलेली नाही.

बाकीचे देशही शिकवायचे, नाही असं नाही. पण ब्राझीलबद्दल ते पुस्तकातलं बोलायचे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडबद्दल कालच तिकडून मुक्कामाच्या गाडीनं आल्यासारखं. तिथला सगळ्यात उंच डोंगर केवढा? "शिवनेरीवर शिवनेरी ठेव, वर चार माळ्याची इमारत बांध, झाला तयार. आपल्याला काय त्याचं कौतुक!" तिथलं राष्ट्रीय फूल कसलं? "वॅटल. घाबरू नका. तुमच्या बांधावरच्या बाभळीची सख्खी बहीण. तिकडं जाऊन मोठी झाली एवढंच." सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत संपलं की माझ्या कानाशी लागायचे, "आज त्येंचाबी राष्ट्रीय दिवस हाय बरं का, पेंटर." जणू त्यांच्या घरच्या लग्नाची बातमी.

हा माणूस पुण्याच्या पुढे कधी गेलेला नव्हता.

हेच दोन देश का, हे मी त्यांना एकदा विचारलं. तर म्हणाले, लहानपणी मंचरच्या बाजारात एका भज्यांच्या गाडीवर त्यांना नकाशांचं जुनं पुस्तक दिसलं. भजीवाला एकेक पान फाडून भजी बांधून देत होता. पोरगं हात जोडून उभं राहिलं, तोवर युरोप, आफ्रिका, अमेरिका सगळं तेलात गेलेलं. शेवटचं एक पान उरलं होतं. डाव्या हाताला ऑस्ट्रेलिया, उजव्या हाताला न्यूझीलंड. तेवढं घेऊन ते घरी आले.

"बाप वरडला," सर म्हणाले. "पन बापाचं मी मनावर घ्येतलं न्हाय. त्याला गावात कुठल्या आळीनं जायाचं न्हाय एवढाच भूगोल शिकवला व्हता लोकांनी. मी म्हनलं, मी जगाचा शिकीन."

हे त्यांनी एवढ्या सहज सांगितलं की मी भजी कसली होती असं काहीतरी विचारून बसलो. "कांद्याची," ते म्हणाले.

गावच्या यात्रेत टेनिस बॉलच्या क्रिकेटस्पर्धा व्हायच्या आणि संघांना देशांची नावं द्यायची फॅशन होती. एका वर्षी शिनोलीकर झाले ऑस्ट्रेलिया, अवसरी बुद्रुकचे झाले न्यूझीलंड. मांडवावर लावायचे झेंडे मी रंगवले. दोन्ही झेंडे दिसायला जुळ्या भावांसारखे, त्यामुळे मी दोन्हीवर पांढऱ्या चांदण्या टाकून मोकळा झालो. सामना ऐन रंगात आला, अवसरीला शेवटच्या षटकात काहीतरी अशक्य धावा हव्या होत्या, आणि सोनवणे सर हात वर करून थेट खेळपट्टीवर.

"थांबवा! मॅच थांबवा!"

"काय झालं, सर? साप निगाला का?" पंच म्हणाला.

"न्यूझीलंडच्या चांदन्या तांबड्या असत्यात! चार! पांढऱ्या काठाच्या! आनि ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या चांदनीला सात टोकं लागत्यात, ह्येनं पाच काढल्यात!"

"ओ सर, बाजूला व्हा राव," बॅट्समन ओरडला, "आमचा जीव चाललाय हितं."

"ज्या देशाकडनं खेळतो त्याचा झेंडा धड न्हाय, आनि जीव देतो?"

मला शिडीवर चढवलं. डबा आणला. पाचशे माणसांसमोर मी चार चांदण्या लाल केल्या आणि सहावं-सातवं टोक काढलं. मग सरांनी मान डोलावली आणि खेळ सुरू झाला. अवसरी हरली. त्यांचा कप्तान नंतर वर्षभर मला म्हणत होता, "पेंटर, तुज्या तांबड्या रंगामुळं लय वंगाळ झालं बघ."

आता ज्या घरात जेवणाखाण्याबरोबर एवढा ऑस्ट्रेलिया पोटात जातो, त्या घरातली मुलगी दुसरीकडे कुठे जाणार? सरांना एकच मुलगी, सुजाता. नर्सिंग शिकली. लग्न झालं ते अवसरीच्याच एका डिझेल मेकॅनिकशी, मिलिंद त्याचं नाव. आणि दोन हजार सालानंतर लवकरच दोघं ऑस्ट्रेलियाला गेली. सर आठवडाभर जमिनीवर नव्हते. बुद्धविहारात पेढे वाटले, शाळेत वाटले, त्या कंडक्टरला शोधून काढून त्यालाही दिला. यमुनावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पेढ्याचा पुडा हातात धरून मला म्हणाल्या, "भाऊ, ह्येंनीच धाडली तिला. रोज रोज नकाशा दावून दावून धाडली."

पुढच्या वर्षी सुजाताला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. यात चर्चेला जागाच नसते. पण सुजाताला येता येईना. त्यांचे तिथे राहायचे पक्के कागद व्हायचे होते आणि ते होईपर्यंत देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, असं काहीतरी होतं. मग वहिनींनी निकाल दिला. "पोरगी म्हायेरी येत न्हाय ना? मग म्हायेर जाईल." हाळीव आले, डिंक आला, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली. सरांनी पासपोर्ट काढले. राहिला व्हिसा.

आणि इथे सोनवणे सरांनी, म्हणजे आम्ही दोघांनी, ती चूक केली.

सरांच्या हिशेबी व्हिसा ही परीक्षा होती. परीक्षा म्हटल्यावर अभ्यासक्रम आला. त्यांनी वहिनींचा अभ्यास सुरू केला. मी संध्याकाळी गेलो की चुलीपुढे तोंडी परीक्षा चाललेली.

"राष्ट्रीय फूल?"

"वाटल."

"वॅटल. राजचिन्हावर कोन कोन?"

"एका अंगाला कांगारू, एका अंगाला ती थोरली कोंबडी."

"इमू! इमू म्हन. तीच का घेतल्यात?"

"दोघास्नी मागं चालता येत न्हाय म्हनून. फुडंच जात्यात." वहिनींनी भाकरी थापटली. "अवो, मला बाळ न्हाऊ घालायचंय. तिथल्या नद्या न्हाय धुवायच्या."

मंचरला कागदपत्रं भरून देणारा एक टायपिंगवाला होता. त्यानं सांगितलं, सर, तिथे काही विचारत नाहीत, फक्त कागद बघतात. आणि मुदत संपल्यावर तुम्ही परत येणार याचा पुरावा लागतो. सर चक्रावले. "मी परत येनार ह्याचा पुरावा? मी कदी गेलोच न्हाय तर!" शेवटी ग्रामपंचायतीत गेले. सरपंचांनी लेटरहेडवर, गोल शिक्का मारून दाखला दिला: सदर इसम हे गावचे कायमचे रहिवासी असून ते परत येतील. असा दाखला आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही. सही करताना सरपंच म्हणाले, "सर, माज्या सहीची लाज राखा. न्हाईतर ऑस्ट्रेलियावाले मला धरत्याल."

पण सरांना एवढ्यावर समाधान नव्हतं. कागदच बघतात ना? मग कागद असा द्यायचा की साहेब खुर्चीतून उठला पाहिजे. त्यांनी दोनशे पानी वही घातली. नद्या, वाळवंटं, राज्यं, राजधान्या, झेंड्याच्या प्रत्येक चांदणीचा अर्थ, सगळं स्वतःच्या इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. मुखपृष्ठ मी केलं. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. सोनेरी वॅटलची चौकट, आत कांगारू आणि इमू, समोरासमोर. पहिल्या पानावर सरांनी प्रस्तावना लिहिली. तिचा मराठीत अर्थ असा: "आपल्या देशावर मी लहानपणापासून प्रेम करीत आलो आहे. तिथे पोचणे हे माझ्या जन्माचे स्वप्न आहे." मी वाचून म्हटलं, "सर, साहेब रडेल." आणि सरपंचांचा दाखला आम्ही वहीच्या शेवटच्या पानाला टाचणीनं लावला.

दीड महिन्यानं उत्तर आलं. सरांनी ते स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचलं. मग माझ्याकडे दिलं. भाषा सभ्य होती. अर्जदाराने या देशाबद्दल दाखवलेली आयुष्यभराची ओढ लक्षात घेता, मुदत संपल्यावर ते परत जातील याबद्दल खात्री वाटत नाही. अर्ज नामंजूर.

सर खिडकीशी गेले. "पेंटर," ते म्हणाले, "पैकीच्या पैकी मार्क पडले म्हनून नापास झालेला मी पयला."

मी हसलो. सवय. मग माझं मलाच ते हसू ऐकू आलं.

बाळ तिकडेच झालं. मुलगी. आरोही नाव ठेवलं. घोडेगावच्या टेलिफोन बूथच्या काचेच्या खोक्यात वहिनी उभ्या राहिल्या आणि त्यांनी इथून सुजाताला बाळ न्हाऊ घालायला शिकवलं. मी आणि सर बाहेर. काचेतून आवाज येत नव्हता, नुसत्या वहिनी दिसत होत्या. रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबलेला, स्टुलावर बसून पाय लांब केलेले, आणि दोन्ही हातांनी पायावरच्या रिकाम्या जागेला तेल चोळतायत. पालथं घातलं. पाठीवरून हात फिरवला. टाळू भरली. शेवटी त्या रिकाम्या जागेला पदरानं कोरडं केलं. बूथवाल्याकडे रांग लागली होती, पण कुणी दारावर टकटक केली नाही.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मिलिंदला न्यूझीलंडमध्ये काम मिळालं आणि ती तिघं हॅमिल्टन नावाच्या गावी गेली. म्हणजे कागदांचं सगळं पहिल्यापासून सुरू, आणि पुन्हा तेच, इतकी वर्षं देश सोडायचा नाही. आणि इकडे वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडेचं दिसेना. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलं ते येणार नाही, आणि किती टिकेल सांगता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "मंग बिगी बिगी करा. मला तिचं त्वांड बगू द्या, मंग काय जायाचं ते जाऊ द्या."

सरांच्या भज्यांच्या पानाची आता उजवी बाजू लागली. वहिनींचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, चुलीपुढेच, कमी होत जाणाऱ्या उजेडात. राष्ट्रीय पक्षी किवी, त्याला उडता येत नाही. त्याचं अंडं त्याच्या आकारमानानं अवाढव्य. "आगं बया, मंग तिचं बाळंतपन कोन करतं?" "अंडं नर उबवतो." "शाना देश हाय," वहिनी म्हणाल्या.

या वेळी मात्र मी मध्ये पडलो. सरांना म्हटलं, वहीबिही काही नाही. मागच्या वेळी जास्त कळलं म्हणून घात झाला. आता तुम्हाला काही माहीत नाही. टायपिंगवाल्यानं सांगितलं होतं की कधीकधी तिकडचे लोक फोन करून प्रश्न विचारतात. मी मधल्या सुट्टीत सरांची तालीम घ्यायला लागलो. मी साहेब. पाय टेबलावर, तोंडात खडूची सिगारेट. मला मजा येत होती, हे कबूल करायला हवं.

"न्यूझीलंडची राजधानी?"

"वेलिंग्टन. उत्तर बेटाच्या दक्षिन टोकाला, सामुद्रधुनीच्या..."

"सर!"

"ठाऊक न्हाय."

"राष्ट्रीय पक्षी?"

सरांच्या कपाळावर घाम. ओठ दाबून धरलेले. "ठाऊक... ठाऊक न्हाय."

"शाबास!"

"पन त्याला उडता येत न्हाय, एवढंच सांगू का?"

स्टाफरूम हसून लोळायची. पंधरा दिवसांत मी त्यांना तयार केलं. पस्तीस वर्षं ज्यानं पोरांकडून उत्तरं काढली, त्याला मी "ठाऊक नाही" म्हणायला शिकवलं. आणि विद्यार्थी म्हणून ते उत्तम होते.

फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरी होतो. सकाळची वेळ, शाळेला निघायच्या आधीची. फोनवर बाई होत्या, आवाज गोड. सर उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं. मी शेजारी कान लावून.

पहिले दोन प्रश्न नाव-गावाचे. मग बाईंनी विचारलं, आपली मुलगी कोणत्या शहरात राहते?

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तालमीत नव्हता. मी साहेब झालो होतो, पण मला सुचलं नव्हतं की साहेब मुलीबद्दलही विचारेल. मी हातानं खुणा करायला लागलो, सांगा, सांगा. पण माझ्या हातांनी त्यांना पंधरा दिवस फक्त गप्प बसवलं होतं. त्यांना वाटलं, मी तेच सांगतोय.

"आय डू नॉट नो," सर म्हणाले.

मुलगी काय काम करते?

"आय डू नॉट नो."

तुम्ही तिथे काय बघणार आहात?

"नथिंग."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी चौकट चाचपत उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण नवरा प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर देतोय एवढं कळत होतं. त्या एकदम ओरडल्या, "अवो, हॅमिल्टन म्हना की! हॅमिल्टन! वायकाटो नदीच्या कडंला! हॅमिल्टन!"

सरांनी घाईघाईनं रिसीव्हरवर हात दाबला. हात काढला तोवर बाई आभार मानून गेल्या होत्या.

नामंजुरीच्या पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराला मुलीचा ठावठिकाणाही माहीत नसल्यामुळे त्यांचं नातं खरं आहे याबद्दल समाधान होत नाही. मी माफी मागायला गेलो तर सरांनी मला चहा पाजला. दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. "एका पेपरात पुरवन्या जोडल्या, दुसऱ्यात कोरी दिली," एवढंच म्हणाले. त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज केला नाही. वहिनींनीही विषय काढला नाही. मी मात्र पुढची कितीतरी वर्षं चेष्टामस्करी करताना मध्येच थांबायचो.

सर निवृत्त झाले. माझी बदली जुन्नरकडच्या शाळेत झाली. वर्षा-दोन वर्षांनी एकदा, दुपारी, वाट वाकडी करून मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं. ओसरीवर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे उघडे, पण उजेडाकडे वळत नव्हते. शेजारी सर. हातात एक फोटो.

"सांगा की," वहिनी म्हणत होत्या.

"फुडचा दात पडलाय," सर फोटो बघून सांगत होते. "हसती तवा खिडकी दिसती. केस आता खांद्याच्या खाली आल्यात. दोन येन्या घातल्यात सुजीनं."

"आनि फ्रॉक?"

"पिवळा. बारीक फुलांचा."

"मागच्या येळंबी पिवळाच व्हता."

"आवडता आसंल तिचा."

मी पुढे झालो. सरांनी वर पाहिलं आणि फोटो लपवला नाही. पिवळ्या फ्रॉकमधलं सहा महिन्यांचं बाळ होतं त्यात, उशीला टेकवून बसवलेलं. केस जेमतेम बोटभर. सुजाताचं फोटोंचं पाकीट येणं कधीच बंद झालं होतं. दोन-दोन पाळ्या करणाऱ्या पोरीला पोस्टात जायला वेळ कुठला? महिन्यातून एकदा फोन यायचा, तेव्हा नात इंग्रजीत काहीतरी बोलायची आणि आई घाईघाईनं सांगायची, दात पडला, शाळेत घातली. ते सगळं सर या फोटोत भरत होते.

"कोन हाय?" वहिनींनी विचारलं.

"पेंटर आलाय."

"या भाऊ, बसा. नातीचा फोटो बघितला का? केवढी झाली?"

"मोठी झाली, वहिनी," मी म्हणालो.

"पन केवढी? ह्ये नुस्तं केस आनि दात सांगत्यात." त्यांनी उजवा हात जमिनीपासून वर, हवेत, आडवा धरला. "एवढी?"

सर सरकून पुढे आले. त्यांनी वहिनींचं मनगट दोन बोटांनी धरलं आणि तो हात हळूहळू वर नेला. थांबले. फोटोकडे पाहिलं, मग डोळे बारीक करून दाराबाहेरच्या उन्हाकडे. आणि हात आणखी चार बोटं वर नेला.

"एवढी," म्हणाले, आणि मनगट सोडलं.

वहिनींनी हात खाली घेतला नाही. तळवा सपाट ठेवून, बोटं जराशी वाकवून, तसाच धरून ठेवला. चहा नको म्हणून मी निघालो, पायात चपला घातल्या, फाटकापाशी वळून पाहिलं, तेव्हाही तो तिथेच होता, हवेत, आणि हलके हलके मागे-पुढे होत होता.